बहात्तरावी डिस्क

जाहिरात सुरू होण्याआधी पडदा क्षणभर काळा होतो. तेवढ्यात रिमोटवर बोट पडलं पाहिजे. आधी पडलं तर संवादाचं शेपूट तुटतं, उशिरा पडलं तर साबणाचा फेस डिस्कवर येतो. सहा वर्षांत साबण, टूथपेस्ट, मोटारी आणि विम्याच्या पॉलिसी यांतलं काहीही मी दादाच्या घरी जाऊ दिलं नाही. हे मी फुशारकीने सांगते आहे, कारण फुशारकी मारायला माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही.

एकतीस वर्षं मी बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसले. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कुणाची तरी कवळी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि बसचा नंबर. ज्याची वस्तू तो येईल म्हणून जपून ठेवायची, एवढंच माझं काम. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं आता उरली नाहीत, त्यामुळे सांगायचंही सुटलं. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मी स्वतःला एक डीव्हीडी रेकॉर्डर घेतला.

घेतला तो दादासाठी. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. एका लांबच्या धरणावर पंप चालवायचा. निवृत्त झाल्यावरही त्याला तिथेच ठेवून घेतलं, कारण त्या डोंगरात राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. वहिनी गेल्यापासून क्वार्टरमध्ये तो एकटा. आमचं चॅनल तिथे दिसायचं नाही. भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, त्याला टीव्ही आणि डिस्क लावायचा प्लेअर घेऊन दिला होता आणि स्वतः दोन तासांवरच्या शहरात जमीनमोजणीच्या नोकरीला गेला होता.

दर गुरुवारी संध्याकाळी आठला आमची मालिका लागायची. एक घड्याळजी, त्याचं जुनं दुकान, दुकानावर डोळा ठेवून असलेला एक वकील आणि घड्याळजीची धाकटी मुलगी. ही मुलगी पहिल्याच वर्षी बापाशी भांडून घर सोडून गेली. ती परत येते की नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्या लोकांनी सहा वर्षं काढली. मी नाक मुरडत बघायला बसले आणि तिसऱ्या आठवड्यात खुर्ची पुढे ओढून घेतली.

रेकॉर्डर विकणारा दुकानदार घाईत होता. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, लाल बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. दुसरी, डिस्क बाहेर काढताना मशीन विचारेल, ‘फायनलाइज करायची का?’ "विचार करून हो म्हणा हं मावशी. एकदा फायनलाइज केली की संपलं. मग तिच्यावर पुढे काही चढत नाही."

मी विचार केला. चार भागांची एक डिस्क. जाहिराती काढल्या की चार भाग मिळून दीड तास, आणि डिस्क दोन तासांची. म्हणजे अर्धा तास शिल्लक. पाच गुरुवारांचा महिना आला तर दहा मिनिटं. चांगली अर्ध्या तासाची जागा कोण कायमची बंद करून टाकेल? दादा कधी म्हणाला, यावर अमुक भर, तर? परत पाठवली तर? म्हणून मशीनने विचारलं की मी ‘नाही’ दाबायची. पोस्टात टाकण्याआधी प्रत्येक डिस्क एकदा लावून बघायची. माझ्या मशीनवर प्रत्येक डिस्क झकास दिसायची. मग वर जाड पेनाने नंबर, महिना, भाग, आणि पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये बांधून रवाना.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी दादाला फोन करायची.

"काय ठमे, पोचली गं तबकडी," तो म्हणायचा. डिस्क हा शब्द त्याच्या तोंडात कधी बसला नाही.

"बघितलीस?"

"बघितली तर. पण तूच सांग."

"बघितलीस तर मी काय सांगू?"

"अगं, तुझ्या तोंडून ऐकलं की नीट कळतं. तो वकील आला, तिथून सांग."

मग मी सांगायची, दर रविवारी एक भाग. आढेवेढे घेत सुरू करायची आणि पाऊण तास थांबायची नाही. वकिलाचा आवाज काढायची, घड्याळजीचा खोकला काढायची. दादा मध्येच ‘अरे बापरे’ म्हणायचा, मध्येच ‘हरामखोर’ म्हणायचा. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस माझा आवाज दूधवाल्याशी आणि जिन्यातल्या मांजराशी बोलण्यापुरता लागत असे. कधीकधी रविवारी पहिलं वाक्य बोलताना घसा आधी साफ करून घ्यावा लागायचा.

एकदा दादा म्हणाला, "तो टकल्या वकील मला पहिल्यापासून पटत नाही."

"टकल्या? अरे, कपाळावर झुलपं येतात त्याच्या! टक्कल कुठे दिसलं तुला?"

पलीकडे तो खाकरला. मग म्हणाला, "इकडे चित्र जरा पांढरं येतं गं."

मी लगेच भाच्याला फोन करून झाडलं, की बापाच्या टीव्हीची वायर बदलून दे, माणसाला वकिलाचे केस दिसत नाहीत. तो "हो आत्या" म्हणाला आणि वायर काही बदलली नाही. मला वाटलं, आळशी आहे.

वर्षातून एकदोनदा दादा विचारायचा, "ये ना इकडे राहायला. तीन खोल्या आहेत, दोन रिकाम्या. सकाळी धरणावर फिरू." मी म्हणायची, "बघू. मालिका संपली की येते." अकरा तासांचा बसचा प्रवास, माझे गुडघे, ही कारणं होतीच. पण खरं कारण गुरुवार. मी तिकडे गेले तर इकडे रेकॉर्ड कोण करणार? आणि रेकॉर्ड झालं नाही तर दादा बघणार काय? तोही हट्ट करायचा नाही. "बरं, मालिका संपू दे," म्हणायचा.

संपली एकदाची. शेवटच्या गुरुवारी मी चार वाजल्यापासून तयारीत होते. आणि शेवट काय केला मेल्यांनी? मुलगी येते. दुकानाचं शटर खाली, त्यावर वकिलाचं कुलूप. शेजारचा सांगतो, बाप गेला, चार महिने झाले. ती शटरला कान लावते. आत एखादं घड्याळ चालू आहे का ते ऐकते. काही ऐकू येत नाही. ती निघून जाते. नावं वर सरकायला लागली तेव्हा मी रडत होते आणि बटण दाबायचं राहून गेलं. त्या डिस्कच्या शेवटी एका साबणाची अख्खी जाहिरात आहे. सहा वर्षांतली एकमेव.

हे मला फोनवर सांगवेना. मी ठरवलं, दादाने आपल्या डोळ्यांनी बघावं, मग दोघांनी मिळून त्या लेखकाला शिव्या घालाव्यात. बहात्तर नंबरची डिस्क बांधून पाठवली. रविवारी दादाने विचारलं, "मग? आली का पोरगी?"

"सांगणार नाही. डिस्क पाठवली आहे. बघ."

पुढच्या रविवारी म्हणाला, "पोचली गं. पण तूच सांग ना."

"का? डोळे गेले का तुझे? या वेळी आधी बघ, मग बोलू."

त्याच्या पुढच्या रविवारी त्याने परत विचारलं. आवाज जरा बारीक वाटला. मला राग आला होता, कारण मला त्याच्याशी त्या शेवटावर भांडायचं होतं आणि हा बाबा बघायलाच तयार नाही. मी म्हटलं, "मी काय रेडिओ आहे? सहा वर्षं मर मर मरून डिस्क पाठवते आहे, एकदा तरी स्वतः बघ!" आणि फोन ठेवला. चांगला आपटून ठेवला.

त्या बुधवारी दादाला हॉस्पिटलमध्ये नेलं. मला कळवू नका म्हणाला, गुडघेदुखीत उगाच धावत येईल. मधल्या रविवारी रुसून मी फोन लावला नव्हता, म्हणून मला काहीच कळलं नाही. आठ दिवसांनी गेला. मी अकरा तास बसमध्ये बसून पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. क्वार्टरमध्ये टीव्हीशेजारी माझ्या डिस्क नंबराप्रमाणे लावलेल्या होत्या. एकावरही ओरखडा नाही. किती जपून वापरल्या माझ्या दादाने, असं तेव्हा मनात आलं आणि तेवढंच बरं वाटलं.

दोन महिन्यांनी भाचा ऑफिसच्या कामाने इकडे आला. दुपारी दार वाजलं, तर हातात खोकं. क्वार्टर सोडायची होती, सामान वाटून टाकत होता.

"आत्या, या तुझ्या डिस्क."

"माझ्या कशाला? तू ठेव, तुम्ही नवराबायको बघा. बापाची आठवण म्हणून ठेव."

तो खोक्याकडे बघत राहिला. चहाचा कप हातात तसाच. चाळिशीचा बाप्या, पण शाळेत काच फोडून आल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

"आत्या, त्या लागत नाहीत."

"काय लागत नाहीत?"

"डिस्क. आमच्याकडे कधीच लागल्या नाहीत. पहिल्या महिन्यापासून. प्लेअरमध्ये घातली की फिरते, फिरते आणि ‘डिस्क नाही’ म्हणते. आम्हाला वाटलं, पोस्टात खराब झाली. दुसरी आली, तीही तशीच. मग मी एका दुकानात दाखवली. तो म्हणाला, ज्या मशीनवर रेकॉर्ड केली तिथेच फायनलाइज करून घ्या, नाहीतर ही दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालायची नाही."

मी हातातली बशी खाली ठेवली. कान गरम झाले होते. एकतीस वर्षांत एक छत्री चुकीच्या माणसाला दिली नाही मी, आणि ही बहात्तर पार्सलं.

"मग सांगितलं का नाहीस मला? एक बटण होतं ते! एक बटण!"

"मी तुला फोनच लावत होतो. बाबांनी हात धरला. म्हणाले, सांगितलंस तर ती नीट करून पाठवेल. मग मी बघेन. आणि मी बघितल्यावर ती रविवारी मला काय सांगेल?"

पुढे तो आणखी बोलला, की दर रविवारी नऊच्या आधी दादा दाढी करून फोनशेजारी बसायचा, आणि संध्याकाळी पंपहाउसवरच्या माणसांना माझा भाग जसाच्या तसा ऐकवायचा. सहा वर्षं मी एक गुरुवार बुडवून दादाकडे गेले नाही. ज्या डिस्कसाठी गेले नाही, त्या त्याला दिसतच नव्हत्या. मी गेले असते तर समोर बसवून सांगितलं असतं. हा हिशोब मनात आपोआप होत होता आणि मला तो थांबवता येत नव्हता.

काहीतरी करायचं म्हणून मी खोक्यातली एक डिस्क काढून माझ्या मशीनमध्ये सरकवली. लगेच लागली. घड्याळजीचं दुकान, लंबक आणि दारातून आत येणारा वकील.

भाचा खुर्चीतून अर्धवट उठला. "हा वकील? याला तर केस आहेत! बाबा नेहमी टकल्या म्हणायचे." तो हसायला लागला, मीही हसले, आणि हसता हसता दोघांनाही डोळे पुसावे लागले.

"हॉस्पिटलमध्येसुद्धा हेच चालायचं," तो म्हणाला. "शेजारच्या खाटेवर एक म्हातारे कंपाउंडर होते. त्यांना आणि नर्सबाईंना रोज थोडी थोडी गोष्ट. नर्सबाई ड्युटी संपली तरी थांबायच्या. शेवटी त्या हट्टालाच पेटल्या, की काका, मुलगी येते की नाही ते सांगा. बाबा दोन दिवस टाळत होते. मग गेले त्याच्या आदल्या दिवशी सांगितला शेवट."

"काय सांगितला?"

"तुला माहीतच आहे. तूच तर फोनवर सांगितला असशील."

"तरी सांग. तो कसं सांगत होता ते सांग."

"संध्याकाळची वेळ. बाप दुकानात एकटा, डोळ्याला भिंग लावून काम करतोय. मुलगी येते. काही बोलत नाही. आपल्या जुन्या स्टुलावर बसते आणि एकेका घड्याळाला चावी द्यायला लागते. बाप मान वर करत नाही. सगळी घड्याळं चालू झाली की तो फक्त विचारतो, ‘जेवलीस का?’ संपलं. नर्सबाई रडल्या आत्या. कंपाउंडरसुद्धा." त्याने माझ्याकडे बघितलं. "तसाच आहे ना शेवट?"

दादाकडे दोन रिकाम्या खोल्या होत्या. तो कुणाची वाट बघत होता हे मला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीन रविवार त्याने मला विचारलं होतं आणि मी फोन आपटला होता. शेवटी त्याने स्वतःच तिला घरी आणलं.

"हो," मी म्हटलं. "अगदी तस्साच. मीच सांगितला त्याला."

भाच्याचा चेहरा उजळला. "मग लाव ना ती बहात्तर नंबरची. बघूया."

"आता नको. मशीन जुनं झालंय रे. एक डिस्क लावली की तापतं, मग दुसरी धरत नाही." हे बोलताना मशीन छान गार होतं. त्याने हात लावून बघू नये म्हणून मी त्याच्या आणि मशीनच्या मध्ये उभी राहिले.

"बरं, मग फायनलाइज करून पाठवशील? सगळ्याच? घरी बघू आम्ही. हिला फार उत्सुकता आहे."

"पाठवते," मी म्हटलं.

तो गेल्यावर खोली पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजावर आली. ऑफिसचं घड्याळ आणि फ्रिज. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. डिस्क घालायची, मशीनने विचारलं की ‘हो’ दाबायचं, मग चार मिनिटं पट्टी पुढे सरकत राहते. दिवसाला दहा. पहिल्यांदा ‘हो’ दाबताना बोट अडखळलं. अर्ध्या अर्ध्या तासाच्या किती जागा मी जपून ठेवल्या होत्या, आणि त्या कुणालाच नको होत्या. आठव्या दिवशी एकाहत्तर डिस्क तयार झाल्या.

बहात्तरावी घातली. पुन्हा एकदा सगळा भाग बघितला. शटर, कुलूप, शटरला लावलेला कान. मग तो साबण. मशीनने विचारलं, ‘फायनलाइज करायची का?’ बहात्तर वेळा मी न कळता ‘नाही’ म्हटलं होतं. या वेळी कळून म्हटलं. डिस्क काढली, पुठ्ठ्यात बांधली, चिठ्ठी लावली आणि कपाटात ठेवली. बाकीच्यांचं पार्सल पोस्टात टाकलं.

नंतरचे रविवार मोकळे गेले. नऊ वाजता मी भांडी घासायला काढायची. नळाचा आवाज असला की बरं.

अडीच महिन्यांनी एका रविवारी फोन वाजला. भाचेसून होती. तिच्याशी माझं बोलणं ‘कशा आहात, बऱ्या आहोत’ याच्यापुढे कधी गेलं नव्हतं.

"आत्या, एकाहत्तर झाल्या बघून! रोज जेवण झालं की एक. पण बहात्तरावी पार्सलात नाहीच की हो."

"ती बिघडली गं. फायनलाइज होता होता मशीन बंद पडलं. आता कुठेच लागायची नाही."

"अरे देवा! मग शेवट?"

"तुझ्या नवऱ्याला माहीत आहे ना."

"त्यांनी सांगितला. दोन वाक्यांत आटपला. त्यांना कुठे सांगता येतंय! जमिनीची मोजणी सांगितल्यासारखं सांगतात." ती हसली आणि मग म्हणाली, "तुम्हीच सांगा ना."

मी घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. खुर्ची फोनजवळ ओढली, रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि घसा साफ केला.

"संध्याकाळची वेळ असते," मी म्हटलं. "दुकानात बाप एकटाच."